दुकान वाढवलं

संध्याकाळी नंदू घरात पाऊल टाकायचा तेव्हा त्याचे वडील, आप्पाजी, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे. खाली बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असायची आणि आप्पाजी तिच्याकडे पाठ करून दाराकडे बघत असायचे.

"वाढवलंस?"

"वाढवलं, आप्पा," नंदू म्हणायचा आणि चपला काढायचा.

वाढवलं म्हणजे दुकान. आप्पाजींच्या पिढीत दुकान कुणी बंद करत नसे, तो शब्दच त्यांच्या उंबरठ्याच्या आत यायचा नाही. दुकान वाढवायचं, नारळ वाढवायचा, बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणायचं, आणि डब्यात तांदळाचा दाणा उरला नसला तरी तांदूळ वाढले असं वाण्याला हसतमुखानं सांगायचं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. या माणसांनी सबंध आयुष्य काहीही संपू न देता काढलं आणि खरं सांगायचं तर त्यांचं कुठे अडलंही नाही. अडलं ते आपलं, कारण आपल्याला सगळं जसं आहे तसं बोलायची हौस.

नंदूची सून कस्तुरी पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं हे ऐकलं आणि रात्री आईवडिलांना फोन करून कळवलं की सासऱ्यांनी बिझनेस वाढवला. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा अभिनंदनाचा फोन आला. त्यांनी दुसरी शाखा कुठे काढली असं विचारलं आणि नंदू बुचकळ्यात पडला. गोष्ट उलगडल्यावर आप्पाजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. त्या वेळी दुकान होतं, म्हणून हसता आलं.

आता दुकान नव्हतं. उगादीच्या आधी, म्हणजे आप्पाजींच्या भाषेत पाडव्याच्या आधी, नंदूनं ते सोडलं होतं. आप्पाजींना हे ठाऊक नव्हतं.

बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारातला तो पेट्यांचा गाळा. पेटी म्हणजे हार्मोनियम. आप्पाजींच्या आजोबांनी बेळगावाकडून येऊन तो थाटला, आणि तेव्हापासून कँटोनमेंटातल्या भजनी मंडळापासून ते नाटकवाल्यांपर्यंत ज्याचा सूर हलला तो तिथे यायचा. सकाळी आप्पाजी दार उघडायचे, उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला न्यायचे, दिवा लावायचे, आणि मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्याला थांबवून एकेका पेटीचा भाता हलवून एकेक सा वाजवायचे. वाद्यांना जाग आणायची, असं म्हणायचे. दिवेलागणीला कुणी पेटी विकत मागितली तर सरळ उद्या या म्हणायचे, कारण त्या वेळी सूर घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. शेजारचा शिंपी, समोरचा अत्तरवाला आणि वरच्या मजल्यावरचे तमिळ मास्तर संध्याकाळी जमायचे, कुणीतरी भजन धरायचं, ज्याला शब्द येत नसत तो टाळ्या वाजवायचा. ती गंमत नंदूनं लहानपणी पोटभर पाहिली होती. त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की आपल्या वाट्याला आलेलं सगळं चांगलं तेव्हाच येऊन गेलं.

दुकान काळानं खाल्लं असं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. मोबाइलमध्ये पेटी आली, तंबोरा आला, हे खरंच. पण दुकान सुटलं ते नंदूच्या कानामुळे. गाणं शिकवणाऱ्या एक बाई नुकतीच जुळवून दिलेली पेटी परत घेऊन आल्या. "अण्णा, वरचा निषाद बघा हं, डोक्यात जातोय," त्या म्हणाल्या. नंदूनं पट्टी दाबली, भाता हलवला, मान वाकडी करून ऐकलं. त्याला काहीच वावगं वाटलं नाही. पुन्हा दाबली. त्याच्या कानात कधीपासून एक बारीक शिट्टी वाजत होती आणि त्या शिट्टीच्या पलीकडे वरचं सप्तक पुसून गेलं होतं. बाई अवघडून म्हणाल्या, असू दे, मलाच भास झाला असेल. दया दाखवलेली नंदूला कळली आणि त्या दिवशी तो स्वतःच्याच मनातून उतरला. महिन्याभरात गाळा सोडला. पेट्या मिळतील त्याला दिल्या, कानस, चिमटे आणि उरलेले सूर, म्हणजे पेटीतल्या पितळी पात्या, एका पिशवीत भरून पलंगाखाली ढकलले.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर आप्पाजींनी विचारलं, वाढवलंस? नंदू म्हणाला, वाढवलं. खोटं कुठे होतं ते?

असं करत त्यानं दिवस ढकलले. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, सवयीनं शिवाजीनगरचीच बस धरायचा. तिथे उतरून करायचं काय? बाजारातून फिरायचा, ओळखीच्या गल्लीत मात्र शिरायचा नाही. एका कोपऱ्यातल्या हॉटेलात बसायचा. पूर्वी शिंप्याबरोबर बायटू कॉफी घ्यायचा, एका कॉफीचे दोन पेले. आता बायटू मागायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून आख्खी कॉफी घ्यायचा आणि ती संपायची नाही. दुपारी कुठल्याशा देवळाच्या पायरीवर डबा खायचा. पाय दुखेपर्यंत चालायचा, बसमध्ये उभं राहून परत यायचा, आणि घराच्या लिफ्टमध्ये शिरताना त्याला वाटायचं की आज तरी आप्पांनी काही विचारू नये. बायको असती तर तिनं पहिल्याच दिवशी चेहऱ्यावरून ओळखलं असतं. पण ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मुलाला, वेदांतला, आणि कस्तुरीला सगळं माहीत होतं. "बाबा, जस्ट सांगून टाका ना," कस्तुरी म्हणायची. "आजोबा स्ट्राँग आहेत. आणि तुम्ही किती एक्झॉस्ट होताय, बघा जरा."

"सांगतो गं. नवरात्रात सांगतो," नंदू म्हणायचा.

नवरात्र आलं. आप्पाजींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं ते घराबाहेर पडले नव्हते, पण अष्टमीला त्यांनी जाहीर केलं, "यंदा खंडेनवमीला मी दुकानात येणार. कानस, चिमटे, सगळं मांडून ठेव. पूजा माझ्या हातनं होऊ दे. पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय?"

नंदू घाईनं म्हणाला, "आप्पा, ट्रॅफिक फार असतं त्या दिवशी."

"ट्रॅफिकला काय, आपण सकाळीच निघू."

त्या रात्री नंदू दोनदा आप्पाजींच्या खोलीपाशी गेला. पहिल्यांदा ते जप करत होते. दुसऱ्यांदा इस्त्रीची काळी टोपी उशाशी ठेवून लहान मुलासारखे लवकर झोपले होते. नंदू दारातूनच परत फिरला. कसं उठवणार?

सकाळी कस्तुरीनं ऑटो बोलावून दिली. ऑटोच्या दोन्ही बाजूंना केळीची रोपं बांधलेली, पुढे शेवंतीचा भला मोठा हार, काचेवर गंधाचे पट्टे. बेंगळुरात आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, यंत्र म्हणून जे जे असेल ते नवरदेव होतं. "वाटेत सांगा," कस्तुरी नंदूच्या कानाशी पुटपुटली. "प्लीज, बाबा. तिथे पोचल्यावर नको."

वाटेत सांगायचं म्हणून नंदूनं रिंग रोडला तोंड उघडलं, तर आप्पाजी बोलायला लागले होते. दोन वर्षं कोंडलेला माणूस तो.

"आमच्या बाबांच्या वेळी बघायला हवं होतंस. आदल्या दिवशी गाळा शेणानं सारवायचे. बँडवाले कर्णे आणून ठेवायचे पूजेला, अत्तरवाला त्याचा तराजू आणायचा. मुसलमान माणूस, पण तराजू आणायचा. म्हणायचा, एवढे सगळे जमलेत, माझाच का एकटा राहील? आणि त्या दिवशी कुणी वाद्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस निजू देत. दसऱ्याला सकाळी पहिला सा." त्यांनी डोळे मिटून तो सा लावला. वय झालं तरी सूर जागेवर होता. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं आणि खूश होऊन हॉर्न वाजवला.

कोरमंगलाच्या सिग्नलला नंदू म्हणाला, "आप्पा, एक सांगायचं होतं."

"हां, सांग."

मागून कुणीतरी कोहळा फोडला. कुंकवाचा लाल चिखल रस्त्यावर उडाला, पोरं ओरडली, आप्पाजींनी हात जोडले. "काय म्हणत होतास?"

"काही नाही. ऊन लागतंय का?"

आपल्याच भित्रेपणाचा नंदूला मनस्वी कंटाळा आला. साठीला आलेला माणूस, बापाला एक वाक्य सांगता येत नाही.

शिवाजीनगरला ऑटो गल्लीत वळली आणि थांबली. गाळ्यासमोर रांगोळी होती, दाराला आंब्याचं तोरण होतं आणि आत वरपासून खालपर्यंत मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती. काउंटरवर स्क्रू ड्रायव्हर आणि चार्जर हळदकुंकू लावून मांडून ठेवले होते. नवा गाळेवाला मंजुनाथ ताटलीत चुरमुरे भरत होता.

आप्पाजींनी ऑटोतून डोकं बाहेर काढून बघितलं. "अरे, गल्ली चुकला हा. याला सांग, पुढची."

पुढे नेऊ नको म्हणून नंदूनं ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नंदूअण्णा! बन्नी, बन्नी!" मंजुनाथ कानडीत बोलत, हसत बाहेर आला. "अज्जांना पण आणलंत? फार चांगलं केलंत. आत या, पूजा व्हायचीच आहे."

आप्पाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली उंबरठ्यावर गेली. तो दगड बदलला नव्हता. मधोमध झिजून खोलगट झालेला होता, आणि तो कुणाच्या पायांनी झिजला हे त्यांना माहीत होतं.

"हे आपलंच आहे," ते हळूच म्हणाले. "नंदू, हे काय?"

इतक्या महिन्यांत जे वाक्य जिभेवर रुळलं होतं तेच बाहेर आलं. "आप्पा, दुकान वाढवलं."

"ते काल संध्याकाळी वाढवलंस. आज उघडलं का नाही?"

सहा-सात महिने त्या शब्दाच्या आड नंदू लपला होता, आणि आता त्या शब्दातून त्याला बाहेर पडता येईना.

"तसं नाही, आप्पा. कायमचं वाढवलं."

"कायमचं वाढवत नसतात रे," आप्पाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उद्या उघडायचं असतं, त्याला वाढवलं म्हणतात. जे आहे ते नीट बोल. माझ्यासमोर बोल."

मंजुनाथला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. तो ताटली घेऊन गुपचूप आत गेला.

"बंद केलं," नंदू म्हणाला. "दुकान बंद केलं, आप्पा. पाडव्याच्या आधी. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. लोक पेट्या परत आणायला लागले. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर उच्चारला होता. काहीतरी कोसळेल असं नंदूला वाटलं, पण गल्ली होती तशीच होती. समोर कुणीतरी स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवत होतं.

आप्पाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नंदूला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, आजोबांचं नाव काढतील. त्यानं मान खाली घातली. एवढ्यासाठीच तर तो इतके दिवस पळत होता.

मग आप्पाजींचा हात त्याच्या गुडघ्यावर आला.

"एक सांग," ते म्हणाले. "मी रोज बघत होतो तुला. दारातून आत यायचास तेव्हा पाय उचलत नसायचे तुझे. मला वाटायचं, गिऱ्हाईक जोरात आहे, पोरगा राबतोय. मी मनातल्या मनात देवाला हात जोडायचो." त्यांनी गुडघा दाबला. "दुकान नव्हतं, तर मग इतका दमायचास कशानं?"

नंदू तोंड फिरवून गल्लीकडे बघायला गेला, पण गल्ली दिसेना. मग त्यानं आप्पाजींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर बाजारात, हार घातलेल्या ऑटोत, तो मोठ्यानं रडायला लागला.

निघायचं का, म्हणून ऑटोवाल्यानं मागे वळून विचारलं, "होगोणा, सार?"

"स्वल्प इरप्पा, थांब जरा," आप्पाजी म्हणाले. "दमलाय तो."