ओटीपीपुरता उरलेला मोबाइल

टाकून दिलेला नाही आणि वापरातही नाही, असा मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. चऱ्होलीच्या शिवेवर गणपतीचं एक छोटं देऊळ आहे. त्याच्या ट्रस्टच्या ऑफिसात, खिडकीच्या कट्ट्यावर मी चार्जरला बांधलेला पडून असतो. माझ्या काचेला तडा गेला आहे. तरी मला फेकत नाहीत, कारण देवळाचं फेसबुक पेज माझ्याच नंबरावर उघडलेलं आहे. कुणाला त्यात शिरायचं असलं की ओटीपी माझ्याकडे येतो. तेवढ्यापुरतं मला उचलतात, आकडे वाचतात आणि पुन्हा पालथा ठेवतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला पुष्कळ हात लागले, पण त्यातला एकही चेहरा आठवत नाही. करोनामुळे देवळं बंद होती त्या दिवसांत ट्रस्टने मला विकत घेतलं आणि स्वप्नालीच्या हाती दिलं. ही गावातलीच मुलगी. दिवसा चाकणच्या कंपनीत कामाला जायची आणि संध्याकाळी देवाची सेवा म्हणून मला हातात धरून आरती दाखवायची. भाविकांना देवळात येता येत नव्हतं, म्हणून देवळाने त्यांच्या घरी जायचं, अशी ती साधी कल्पना होती.

आरती झाली की स्वप्नाली माझ्या काचेवर आलेली नावं वाचायची. "मोशीचे ज्योतीराम काका, आज उशीर केलात. पिंपळे गुरवच्या गोजाबाई, नमस्कार हं." पलीकडून कुणी लिहायचं, "ताई, मोबाइल फार हलवू नका, बाप्पाला चक्कर येईल." ती हसायची आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरायची. किती बरं वाटायचं तेव्हा. खंडेनवमीला पुजाऱ्यांनी समईशेजारी ठेवून मलाही हळद-कुंकू लावलं होतं.

संकष्टीला तर माझी फार वाट पाहिली जायची. चऱ्होलीत आता चहूकडे इमारती उठल्या आहेत, अंगणातून चंद्र दिसत नाही. म्हणून स्वप्नाली मला घेऊन देवळामागच्या पाण्याच्या टाकीवर चढायची. दोन इमारतींच्या फटीतून चंद्र वर आला की म्हणायची, "निघाला हो. आता सोडा उपास."

या शब्दांची सगळ्यांत जास्त वाट गोजाबाई पाहत. त्या बीडकडच्या. त्यांचा मुलगा नवनाथ चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. एकदा मशिनीत त्याचा हात सापडला आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून आईने संकष्टी धरली. लेकाचा हात चालता आहे तोवर चंद्र पाहिल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम. गुडघे गेलेले, त्यामुळे गच्चीवर जाणं होत नाही. खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. सून सेकंड शिफ्टला, नवनाथच्या पाळ्या बदलत्या. कॅलेंडरातली बारीक अक्षरं लागत नाहीत, आणि लागली तरी त्या म्हणत, "कॅलेंडरात येळ असती माय, चंद्र नसतो." म्हणून माझ्यातून गेलेला चंद्र समोर ठेवून त्या ताम्हनात अर्घ्य सोडत आणि मग जेवत. त्या घरातल्या चतुर्थीला मी उपयोगी पडत होतो, यापरतं भाग्य कोणतं?

पुढे स्वप्नालीचं लग्न झालं. ती देहूरोडला गेली. ट्रस्टने पेज एका एजन्सीला दिलं. मग सुंदर सुंदर चित्रं येऊ लागली, मोठ्या अक्षरांत शुभेच्छा येऊ लागल्या. नावं वाचणं बंद झालं. मेसेज आला की आपोआप उत्तर जाई, "आपला संदेश मोलाचा आहे. मंगलमूर्ती मोरया."

मार्गशीर्षातल्या संकष्टीला पेजवर 'थेट दर्शन' सुरू झालं. आरती दिसली, चंद्र दिसला. मी मात्र कट्ट्यावरच होतो आणि बाहेर देवळात अजून आरतीची तयारीही झाली नव्हती. पण माझं कोण ऐकणार?

थोड्या वेळाने गोजाबाईंचा आवाज माझ्याकडे आला. त्यांना लिहिता येत नाही, त्या बोलूनच मेसेज पाठवतात. पलीकडे अजून स्वप्नालीच आहे, असं त्या धरून होत्या.

"पोरी, मी जेवले बग. आन् आता शेजारची वर्षाली गच्चीवरून आली, म्हनती आजी, चंद्र आत्ता निघाला. मग तू दावला तो कोनता गं माय? माझा नेम मोडला का? सांग की."

मोरया, असं उत्तर गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मोरया गेलं.

दोन दिवसांनी नवनाथ फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तसाच कंपनीच्या कपड्यांत ऑफिसात आला. समोर ट्रस्टचे सेक्रेटरी दिग्विजय बसले होते.

"दादा, चतुर्थीला चंद्र निघायच्या आत तुमच्या पेजवर निघाला. आई जेवून बसली."

"अहो, ते कार्तिकातलं रेकॉर्डिंग होतं."

"मग वर थेट का लिहिलं, राव?"

"थेट लिहिलं की माणसं जास्त येतात. एजन्सीच्या पोराला वाटलं, चंद्र दर चतुर्थीला त्याच वेळेला निघतो. आता त्याला काय बोलायचं, सांगा."

दिग्विजय हसले. नवनाथही जरासा हसला.

"आई धड जेवत नाही, दादा. नेम मोडला, आता तुझ्या हाताला काही होईल, हेच धरून बसली आहे. माझं पटत नाही तिला. तुम्ही देवळातून एक फोन करा. चूक आमची, तुमचा नेम मोडला नाही, एवढंच म्हणा."

"भाऊ, एकेकाला फोन करत बसलो तर झालंच. पेजवर मेसेज टाका, टीम रिप्लाय देईल."

"टाकलाय तिनं."

"मग आला असेल की रिप्लाय."

"आलाय," नवनाथ म्हणाला. "मोरया आलाय."

तो उठून गेला. फोन कुणी केला नाही. पुढच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोजाबाईंचा आवाज पुन्हा आला, फार हळू.

"पोरी, तू रागावलीस व्हय माझ्यावर? आसू दे. आता तुला तरास देत न्हाई. आता चतुर्थीला मी रातचं जेवनारच न्हाई. सकाळी ऊन दारात आलं की घास घेईन. सूर्य कुनाला इचारावा लागत न्हाई."

त्यांना साखरेचा आजार आहे. रिकाम्या पोटी रात्र काढणं त्यांच्या वयाला झेपणारं नाही. तो मेसेज अजून कुणी उघडलेला नाही. खाली नेहमीचं उत्तर तेवढं गेलं आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी शाळेचं पेज चालवाल, कुणी मंडळाचं, कुणी कंपनीचं. चित्रं कमी टाकलीत तरी चालेल. पण पलीकडे कुणीतरी आपल्याला खरं मानून बसलं आहे, एवढं ध्यानात ठेवा. त्याने काही विचारलं तर उत्तर माणसाने द्या. 'आजी, चूक आमची झाली, तुम्ही जेवा,' एवढं एक वाक्य पुरलं असतं.