सोड की ओढ

हे लोढणं काकांनी माझ्या गळ्यात बांधलं ते माझ्याच दुकानात येऊन, माझ्याच स्टुलावर बसून. मी एका सॅकचा तुटलेला पट्टा शिवत होते. जाड कापडाच्या घड्यांतून सुई जाईना, म्हणून मशीनचं चाक हाताने फिरवत होते, आणि अशा वेळी कुणी बोललेलं मला खपत नाही. काका सख्खे नव्हेत. बाबांबरोबर एका दोराला बांधून घेऊन त्यांनी अर्धी हयात डोंगरावर काढली, आणि आता ते गावातल्या वाटाड्यांच्या ऑफिसचे मुख्य आहेत. कुठल्या वाटाड्याने कुठल्या गिऱ्हाइकाला वर न्यायचं, हे तेच ठरवतात.

“तुझ्या बाबाला ऐकू येत नाही म्हणतात,” ते म्हणाले.

“लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं.”

“मागे त्याच्या गिऱ्हाइकांतल्या एक बाई हिमनदीतल्या भेगेच्या काठावरून ओरडत होत्या, थांबा, थांबा. हा आपला चालतोय. दोर ताणला तेव्हा थांबला. तेव्हापासून मी त्याला काम दिलेलं नाही. तो म्हणतो, बाई पुटपुटत होत्या.”

“मग पुटपुटत असतील.”

“असतील. म्हणून तर तुझ्याकडे आलो. तू काही पुटपुटणाऱ्यातली नाहीस.” त्यांनी टेबलावरची कात्री उचलली, उघडली, मिटली, परत ठेवली. “तो म्हणतो, लेकीला घेऊन वर जाऊन येतो, मग तिलाच विचार. जा बाई. तू ठीक आहे म्हणालीस, तर पुढच्या हंगामाचं पहिलं गिऱ्हाईक त्याचं. नाही म्हणालीस, तर त्याने घरी बसायचं.”

“म्हणजे वाईट मी व्हायचं.”

“माझ्याकडून होणार नाही गं,” काका म्हणाले. ते खरं बोलत होते, म्हणून मला जास्तच राग आला. पट्टा वाकडा शिवला गेला तो गेलाच. उसवून पुन्हा शिवावा लागला.

हंगाम जवळजवळ संपला होता. वसंतात हिमनदीवरून डोळे मिटून चालावं इतका बर्फ असतो, भेगा सगळ्या भरलेल्या असतात. पण उन्हाळाभर वितळून वितळून शेवटी उरतो तो काळपट, कडक, भेगाळलेला बर्फ आणि भेगांवर कुठे कुठे टिकून राहिलेले बारीक पूल. ते पूल पहाटे माणसाला पेलतात, दुपारी पेलतीलच असं नाही. शहाणे वाटाडे या दिवसांत दोर धुऊन वाळत घालतात. आमचे वडील स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बुटांना लावायचे लोखंडी काटे कानशीने घासत बसले होते.

“टेबलावर चरे पडतील,” आई म्हणाली.

“वर्तमानपत्र आहे ना.”

“पाहिलंस? हे बरोबर ऐकू येतं. मी भाजी आणा म्हटलं की नाही येत. पण ते लग्नापासूनचंच आहे.”

बाबा हसले. मीही हसले. मी मुद्दाम चमचे वाजवत, नळ सोडून, घास तोंडात असताना त्यांच्याशी बोलत राहिले. त्यांनी प्रत्येक वाक्याला बरोबर उत्तर दिलं. माझ्या जिवाला इतका आधार वाटला की जेवण झाल्यावर मी विनाकारण आईला मिठी मारली. काकांचेच कान तपासायला हवेत, असं मनात म्हणत मी माझी सॅक भरली.

रात्री डोंगरावरच्या निवाऱ्यात आम्ही दोघंच होतो. बाकीची गाद्यांची फळी रिकामी. दोघंही धड झोपलो नाही. बाबा सारखे उठून दाराशी जाऊन थंडी किती आहे ते बघत होते, आणि मी पाय इकडे टाकत होते, तिकडे टाकत होते. मला मुळातच धीर नाही. म्हणूनच मी वाटाडी झाले नाही, मशीन घेतलं. डोंगरावर दुसऱ्याची वाट बघावी लागते, आणि ते मला जमत नाही.

पहाटे दोर बांधून निघालो. बाबा पुढे, मी मागे. ते हातातल्या कुऱ्हाडीचा दांडा बर्फात खुपसून बघत, मग पाऊल टाकत. थंडी हवी तेवढी पडली नव्हती. पायाखाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता आणि तो मला अजिबात आवडला नाही.

“पाणी वाहतंय खाली,” मी म्हणाले.

बाबा चालत राहिले. चढावर कोण कशाला उत्तर देतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

आमच्या घरात दोरावर बोलायचे शब्द दोनच. सोड आणि ओढ. सोड म्हणजे दोर सैल कर, ओढ म्हणजे ताण. आजोबांपासून चालत आलेले. तिथे अहो-जाहो नाही, बापाला असो की गिऱ्हाइकाला, एकच शब्द आणि तोही ओरडून. मी लहान असताना बाबा मला अंगणात कमरेला दोर बांधून हे शिकवत, आणि मला वाटायचं की जगात सगळेच असे बोलतात.

ऊन वर येईपर्यंत आम्ही मोठ्या भेगेशी पोचलो. तिच्यावरचा पूल दाराच्या उंबऱ्याएवढा रुंद उरला होता. बाबा पोटावर झोपून, वजन पसरून पलीकडे सरकले, आणि ते पोचता पोचता पुलाचा मधला तुकडा खाली गेला. कुठे जाऊन पडला त्याचा आवाजसुद्धा आला नाही. आता मला उडी मारणं भाग होतं. अंतर फार नव्हतं. अंगणात असतं तर मी हसत मारली असती. पलीकडे बाबांनी कुऱ्हाड बर्फात पुरली, दोर तिच्याभोवती घेतला, टाचा रोवून बसले आणि हात वर केला. तयार.

उडीला धाव हवी, आणि धावायला आधी मागे जायला हवं. मी दोन पावलं मागे सरले, दोर ताणला गेला. मी ओरडले, “सोड!”

सूर्य माझ्या पाठीशी होता. बाबांनी डोळ्यांवर हात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि ओढलं.

“सोड! सोड!”

त्यांनी आणखी जोरात ओढलं. माझा एक पाय उचललेला होता. मी तोंडावर आपटले, काठापर्यंत घसरत गेले, आणि काठ माझ्या छातीखालून निघून गेला.

फार खाली गेले नाही. दोराने कमरेत हिसका बसला, डोकं निळ्या भिंतीवर आदळलं, आणि मी लोंबकळत राहिले. खाली बघितलं नाही. वरून बर्फाचा चुरा मानेत येत होता. मला भीती वाटण्याआधी राग आला, इतका की मी त्या भेगेत बापाला एक शिवी दिली. मग ओरडले, “ओढ!”

या वेळी बरोबर ऐकू आलं. दोर वर सरकू लागला. बाबांचे हात अजून तसेच आहेत, दोर तसूभरही मागे सुटला नाही. मी काटे भिंतीत मारत मारत वर आले आणि पलीकडच्या काठावर, त्यांच्या पायाशी, पालथी पडले.

त्यांनी माझं डोकं चाचपलं, हात चाचपले, नाकावरचं रक्त स्वतःच्या हातमोज्याने पुसलं. “ओढ ओढ काय करत होतीस? धाव न घेता कुणी उडी मारतं का?”

“मी सोड म्हणत होते.”

“ओढ म्हणालीस.”

“बाबा, मी सोड म्हणाले. तीनदा.”

“वाऱ्यात शब्द फाटतात,” ते म्हणाले. वारा नव्हता. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते उठले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. “बोल.”

“काय बोलू?”

उत्तर आलं नाही. ते डोंगराकडे तोंड करून तसेच उभे. “दोन्हीतलं काहीही बोल. मी सांगतो.”

मला ते करायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं करायचं. पण मी बोलले. सोड म्हणाले. ते म्हणाले, “ओढ.” मी ओढ म्हणाले. ते म्हणाले, “ओढ.” मी पुन्हा सोड म्हणाले, मोठ्याने, स चांगला घासून. “ओढ,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “हां, ओढ.” शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे ते आत्मविश्वासाने सांगत होते आणि मला रडू येत होतं. त्यांच्या कानातून तो स गेला होता, आणि थ-सारखे बारीक आवाजही. जाड, ठसठशीत आवाज तेवढे उरले होते. घरी ते माझ्या तोंडाकडे बघत होते, एवढंच.

ते वळले. “सगळ्या वेळा ओढच म्हणालीस ना? मुद्दाम?”

हो म्हणायला काय लागत होतं?

“नाही, बाबा. दोनदा सोड म्हणाले.”

ते बर्फावर बसले. बाटली काढली, झाकण उघडलं, न पिता लावलं. “शब्द बदलू,” ते म्हणाले. “सोडच्या जागी ढील म्हणायचं. ढील मला ऐकू येईल. गिऱ्हाइकांना आधी शिकवून ठेवायचं, काय कठीण आहे? त्याला काही सांगायची गरज नाही.” त्याला म्हणजे काकांना.

मला तो उपाय पटला, हे मी कबूल करते. अगदी मनापासून पटला. ढील. किती सोपं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मला त्या बाई आठवल्या. थांबा म्हणणाऱ्या. थांबाच्या जागी काय म्हणायचं? आणि सांभाळाच्या जागी? पाय सरकला, दगड आला, या सगळ्यांच्या जागी?

बाबा उठून निघालेही होते. शिखर समोर उन्हात दिसत होतं, सरळ चढ, पुढे मोठी भेग नव्हती. “चल, एवढं आलोय तर वर जाऊन येऊ.”

मी हलले नाही. दोर संपला तसे ते थांबले आणि वळले. मी त्यांच्याजवळ गेले. तोंड त्यांच्या तोंडासमोर नेलं, ऊन माझ्या चेहऱ्यावर येईल अशी उभी राहिले.

“आपण परत फिरतोय. आणि बाबा, तुम्ही यापुढे कुणाला वर न्यायचं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ऐकू नाही आलं,” ते म्हणाले.

“तुम्ही यापुढे कुणालाही वर न्यायचं नाही!” मी किंचाळले. माझं नाक पुन्हा वाहू लागलं, रक्त की पाणी कोण जाणे. “कुणालाही नाही! मी काकांना जाऊन सांगणार आहे. मला सांगायचं नाहीये, पण मी सांगणार आहे!”

“ओरडू नकोस,” बाबा हळूच म्हणाले. “पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.”

त्यांनी शिखराकडे एकदा वळूनही पाहिलं नाही. दोराचा गुंता सोडवला, माझी गाठ तपासली, स्वतःची तपासली. भेगेचा हा काठ जरा उंचावर होता, त्यामुळे परतीची उडी खाली जाणारी, सोपी होती. चढताना वाटाड्या पुढे असतो, उतरताना मागे. उतारावर कुणी घसरलं तर वरून धरणारा तोच. मी सवयीने खालच्या अंगाला जाऊन पुढे उभी राहिले. बाबांनी माझा दंड धरला, मला बाजूला केलं, कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि माझ्या पुढे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, मी चल म्हणण्याची वाट बघत उभे राहिले.

मी तोंडाने काही म्हणाले नाही. दोराला हलकेच एक झटका दिला, आणि ते उतरू लागले.