रेघेवरच्या टाळ्या

ज्या वर्षांत कापसाची दैना पाहायला जिल्ह्यात रोज पाहुण्यांची एक तरी गाडी यायची, त्यातल्याच एका साली यवतमाळच्या एका कॉलेजात फ्रान्सची मंडळी येणार होती. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी ठरवलं, स्वागत फ्रेंचमध्येच करायचं, आणि तेही आपण स्वतः.

मेकॅनिक वाहिदभाईंची फरहाना नागपुरात दोन वर्षं फ्रेंच शिकून आली होती. स्वागत नीट झालं तर कॉलेजात फ्रेंचचा वर्ग निघेल आणि मॅडम तीच, असा विठ्ठलरावांचा शब्द होता. म्हणून तिनं जीव ओतून भाषण देवनागरीत उतरवलं. एकेक शब्द फोडून, मध्ये उभ्या रेघा मारून. सुरुवातीचं 'बायांनो आणि बाप्यांनो' असं झालं: मे।दाम।झे।मे।स्यो.

"दामच्या शेवटी स लिहितात साहेब, पण बोलत नाहीत. पुढं स्वर आला की मात्र तोच झ होऊन त्याच्या गळ्यात पडते."

"हे तं आमच्या पार्टीतलंच हाय पोरी! एकटा असला की मुका, वजनदार माणूस शेजारी बसला की वाचा फुटते."

"अन् रेघेवर थांबायचं नाही. ती फक्त समजायसाठी हाय."

"मले शिकवतं काय? तीस वर्षं भाषणं ठोकून राह्यलो."

त्या तीस वर्षांत एक शिस्त पक्की झाली होती. साहेब थांबले की पहिल्या तीन रांगांनी टाळ्या वाजवायच्या. अर्थाची गरज त्यांना मराठीतही कधी पडली नव्हती.

स्वागताच्या दिवशी विठ्ठलराव "मे" म्हणाले आणि रेघ दिसताच थांबले. टाळ्या. "दाम." टाळ्या. "झे." कडकडाट! फरहाना खांबाआडून हातानं पुढं चला, पुढं चला करत राहिली. साहेबांना ती दाद वाटली. पाच ओळींना पंचवीस मिनिटं लागली. पाहुण्यांच्या प्रमुख बाईंनी इथली रीत समजून शेवटी स्वतःही टाळ्या पिटल्या. त्यात उशीर झाला आणि कापसाचं शेत पाहायचं राहूनच गेलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी तिला बोलावलं. "वर्ग मंजूर! आपली सून शिकवीन, अर्पिता. तू तिले फक्त असंच तोडून लिहून देत जाय."

फरहानानं तिथंच बसून पहिल्या दिवसाचा धडा लिहिला. अस्सल फ्रेंचमध्ये, रोमन लिपीत, पानभर, एकही रेघ न मारता. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून ती उठली.

"वहिनींले सांगजा साहेब, मधात कुठंच थांबू नोका. टाळ्या आखरीले."