डाव्या इंजिनाची सात मिनिटं

दुपारी एकपर्यंत मामांनी डाव्या इंजिनाचं जे जे सुटं होण्यासारखं होतं ते सगळं सुटं करून पुन्हा बसवलं होतं, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीत ते इंजिन शहाण्या मुलासारखं चालत होतं. पंचाईत तीच होती. धक्क्यावर ते कधीच बिघडत नसे.

बिघडायचं ते भर पाण्यात. आणि चार वाजता बोटीची तपासणी करायला सर्वेक्षक येणार होते.

समोरच्या बेटावर दवाखाना नाही. रोज सकाळी नर्सबाईंना तिकडे नेणं आणि येताना आजारी माणसांना घेऊन येणं, हे काम एकतीस वर्षं मामांची बोट करत होती. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. आज दहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती घेऊन तिला पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जाऊन चौदा मिनिटांत परत यायचं होतं. नाही जमलं, तर हे काम नव्या बोटीकडे आणि मामा घरी. एकोणसाठाव्या वर्षी दुसरी बोट त्यांच्या हाती कोण देणार?

"तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस ना? मग सांग," मामा फडक्याला हात पुसत म्हणाले.

"मामा, मी बोटीतलं काही शिकवत नाही."

"ताई, बाबांना आता ज्योतिषीही चालेल," मामेभाऊ इंजिनाच्या खड्ड्यातून म्हणाला. त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणतात, कारण त्याला कुठलीही घाई नसते.

"तू गप्प," मामी धक्क्यावरून म्हणाल्या. "आधी ती उजवी बाजू बघ. गाईनं चाटल्यासारखा रंग दिलायस. तुझ्या बापाची डावी बाजू बघ, कशी आरशासारखी. सर्वेक्षक काय म्हणतील?"

तपासणीसाठी दोघांनी बोट रंगवली होती, एकेक बाजू वाटून घेऊन. मामांनी डावीला तीन दिवस लावले. घासून, खड्ड्यांत लांबी भरून, रंगाचे दोन हात. एक्स्प्रेसनं उजवी एका दुपारीत उरकली होती.

या बोटीला बाहेर पंखा नाही. इंजिन तिच्या पोटाखालून पाणी ओढतं आणि मागच्या तोंडातून जोरानं फेकतं, त्या रेट्यानं ती पळते. अशी दोन इंजिनं, आणि प्रत्येकाची डिझेलची टाकी वेगळी.

"जोर जातो तेव्हा इंजिनाचे फेरे कमी होतात," मी विचारलं, "की फेरे तेवढेच राहून बोट हळू होते?"

"फेरेच. काटा अठ्ठावीसशेवरून एकोणीसशेवर येतो, आणि बोट डावीकडे वळायला लागते."

म्हणजे पाणी फेकणारा भाग ठीक होता. तिथे गवत अडकलं असतं तर फेरे टिकले असते.

"काळा धूर?"

"अजिबात नाही."

म्हणजे हवा पुरेशी मिळत होती. कमी पडत होतं ते डिझेल.

"फिल्टर बदलला," एक्स्प्रेस बोटांवर मोजू लागला. "डिझेलचा पंप उजव्याचा डाव्याला लावला, डाव्याचा उजव्याला. दुखणं हललं नाही. उजवं तोच आजारी पंप घेऊन मजेत पळतंय."

दोन इंजिनं असण्याचा हा मोठा फायदा. एक आजारी असलं तरी दुसरं तुलनेला हजर असतं. पंप निर्दोष ठरला होता. मग उरलं काय? पंपाच्या अलीकडचं.

"जोर नेमका किती वेळानं जातो?"

"त्याचा नेम नाही. परवा लवकर गेला, काल उशिरा."

"लिहिलंय कुठे?"

मामांनी खिशातून वही काढली. डिझेलचा काटा बंद पडून जमाना झाला होता. मामांचा भरवसा लाकडी पट्टीवर. बोट धक्क्याला लागली की आधी दोर, मग दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून पट्टी बुडवायची आणि आकडा वहीत. त्याआधी इंजिनाला हात लावलेला त्यांना खपत नसे.

परवा: डावी टाकी पाऊण भरलेली, साडेतीन मिनिटांनी जोर गेला. काल: टाकी अर्धी, सात मिनिटांनी.

मी ते आकडे दोनदा वाचले. तळाशी गाळ किंवा पाणी असतं, तर टाकी रिकामी होईल तसा त्रास लवकर व्हायला हवा होता. इथे उलटं. आणि भरलेल्या भागाऐवजी रिकामा भाग पाहिला तर? परवा पाव टाकी रिकामी, काल अर्धी. रिकामी जागा दुप्पट, वेळही दुप्पट.

"मामा, टाकीत हवा कुठून येते?"

"हवा कशाला?"

"डिझेल गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर आतली हवा विरळ होत जाते आणि टाकीच डिझेलला धरून ठेवते. रिकामी जागा कमी, तेवढी ती लवकर विरळ होते."

"पण इथे तर ते छान चालतंय!"

"कारण इथे येताच तुम्ही झाकण उघडता!"

एक्स्प्रेस खड्ड्यातून जवळजवळ उडी मारून वर आला. एक्स्प्रेसनं उडी मारलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चला," मामा म्हणाले. "दोर सोड!"

अडीच वाजता आम्ही निघालो. टाकी आजही अर्धी होती. मी डेकवर डाव्या टाकीच्या झाकणापाशी गुडघे टेकून बसले, एका हातात घड्याळ. मामांनी वेगाचे दोन्ही दांडे पुढे रेटले. म्हातारीनं नाक उचललं आणि निघाली. पाणी तोंडावर सपासप बसत होतं.

"चार मिनिटं!" मी ओरडले.

"अठ्ठावीसशे!" मामांचं उत्तर.

"सहा!"

"अठ्ठावीसशे!"

सातावर काही झालं नाही. माझा गणितावरचा विश्वास डळमळला. सात मिनिटं दहा सेकंदांनी बोटीचं नाक हळूच डावीकडे झुकलं.

"पडतोय! सव्वीसशे... तेवीसशे... एकोणीसशे!"

मी झाकण फिरवलं. हलेना. घड्याळ तोंडात धरलं, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि ते सुटलं. फुस्स करून मोठा श्वास आत गेला. माझी ओढणीसुद्धा त्या भोकाकडे ओढली गेली.

एक, दोन, तीन... नऊपर्यंत मोजलं आणि पायाखाली डावं इंजिन डरकाळलं.

"अठ्ठावीसशे!" मामांचा आवाज फाटला. "अगं पोरी, अठ्ठावीसशे!"

मला त्याच क्षणी उभं राहून नाचावंसं वाटलं. मी झाकण दोन्ही हातांनी दाबून बसून राहिले, कारण लाट येत होती.

"पण झाकण उघडं ठेवून परीक्षा नाही देता येणार," एक्स्प्रेस म्हणाला. "हवेची वाट कुठाय?"

मामांची मान हळूहळू खाली जात होती. बोट धक्क्याला लागताच ते डाव्या कडेवरून ओणवे झाले आणि आपल्या आरशासारख्या रंगावर बोटं फिरवू लागले. उजव्या कडेखाली, टाकीच्या रेषेत, हवा आत घेणारं करंगळीएवढं जाळीचं भोक होतं. तिथवर एक्स्प्रेसचा ब्रश पोचलाच नव्हता. डावीकडे त्या जागी काहीच नव्हतं. गुळगुळीत पांढरा रंग.

"लांबी भरली मी," मामा पुटपुटले. "वाटलं, गंजून खड्डा पडलाय."

"बघ आई," एक्स्प्रेस कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या आळसानं एक इंजिन वाचवलं."

"दोघांनी मिळून एक धड माणूस होतं माझ्या घरात," मामी म्हणाल्या. "आता बोलत बसू नका. तीन वाजले!"

मामांनी लांबी खरवडली, बारीक ड्रिल हातानंच फिरवत भोक मोकळं केलं, आणि एक्स्प्रेसनं आतून टाकीच्या हवेच्या नळीत फुंकर मारली. मामांच्या गालावर वारा लागला. आरशासारख्या रंगावर आता हातभर ओरखडे होते. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

सर्वेक्षक ठरल्या वेळी आले. सडपातळ, अबोल गृहस्थ. ओरखडे पाहून त्यांनी काहीतरी लिहिलं. मग पोती मोजली, घड्याळ काढलं आणि म्हणाले, "निघा."

पहिली पाच मिनिटं कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. सहाव्या मिनिटाला आम्ही लाल बोयाला वळसा घातला. सातवं गेलं. आठवं गेलं. मी आणि एक्स्प्रेस एकमेकांच्या मनगटांना घट्ट धरून काट्याकडे पाहत होतो. काटा खिळा ठोकल्यासारखा अठ्ठावीसशेवर. नऊ. दहा. धक्का मोठा होत गेला, त्याच्यावर हात हलवणाऱ्या मामी दिसू लागल्या.

"बारा मिनिटं, चाळीस सेकंद," सर्वेक्षक म्हणाले. "झालं. आता थांबवा."

मामांनी ऐकलं नाही. त्यांनी चाक फिरवलं, आणि म्हातारी धक्क्यासमोरून पांढरी कमान उडवत पुन्हा बेटाकडे वळली. सर्वेक्षकांनी एका हातानं टोपी धरली, दुसऱ्यानं कठडा.

"अहो! परीक्षा संपली!"

"हो साहेब!" मामा मागे न बघता ओरडले. "म्हणून तर!"

सर्वेक्षकांनी वही कोटाच्या आत ठेवली, बटण लावलं आणि वाऱ्याकडे तोंड करून बसले.