चालीची लय

माघातली सोनपिवळी, उतरती दुपार. वसईच्या किनाऱ्यालगत उन्हाचा मधुवर्णी ओघ केळीच्या बागांतून मंद मंद वाहत होता. पानापानांवर प्रकाश थबकत होता, ओघळत होता. आणि खाऱ्या वाऱ्याच्या लहरीलहरींवर चर्चच्या अंगणात व्हायोलिनच्या तारा जुळत होत्या.

पहिल्या रांगेत बस्त्याव मास्तर बसले होते. शुभ्रकेशी, कृश, ताठ. गावाचा हा वाद्यवृंद त्यांनीच उभा केलेला. बागायतदारांच्या मातीमाखल्या बोटांत त्यांनी व्हायोलिन दिलं, कोळ्यांच्या दर्यावर्दी छातीत हॉर्नचा श्वास भरला. चौतीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताच्या इशाऱ्यावर इथले सूर उमलले, मिटले. गेल्या श्रावणात अर्धांगवायूनं तोच हात निश्चल केला. आज त्यांच्या जागी रुफिना उभी राहणार होती. त्यांची शिष्या, पानमळेवाल्यांची लेक.

सिंफनीचा दुसरा भाग. पट्टी ई-फ्लॅट मेजर. तीन कोमल स्वरांची, पिकत्या फळासारखी ऊबदार. स्वरलिपीच्या माथ्यावर एकच शब्द: अंदान्ते. म्हणजे चालीची लय. पण अकरा वर्षांपूर्वी मास्तरांची पत्नी नातालीन गेली, आणि त्यांच्या हाताखाली ती लय संथ झाली, अतिसंथ झाली, आसवांच्या भारानं जागच्या जागी थिजली. कुणी काही बोललं नाही. त्या दुःखाचा सारा वृंद आदर करत होता.

बोलली ती रुफिनाच. काल सराव आटोपल्यावर स्वरलिपी त्यांच्या पुढ्यात ठेवून, मान खाली घालून.

"मास्तर, इथं चालीची लय लिहिलीय. आपण तर थांबूनच राहतो. उद्या मी चालले, तर तुम्हाला वाईट वाटेल?"

मास्तरांनी डाव्या हाताचं बोट त्या एका शब्दावर ठेवलं. मग म्हणाले, "वाईट वाटेल. तरी तू चाल."

आता तिनं हात उचलला.

व्हायोलिनच्या थोरल्या बहिणींचे, व्हायोलांचे घनगंभीर स्वर निघाले, आणि चालू लागले. पावलामागून पाऊल, स्वरामागून स्वर. घाई नाही, थांबणं नाही. सूर चालले, आणि त्यांच्याबरोबर नातालीन चालली. अकरा वर्षं मास्तरांना ती शवपेटीतलीच आठवत होती. मिटल्या पापण्यांची, पांढऱ्या फुलांतली. आज ती ओल्या बांधावरून पुढं निघाली होती, मोगऱ्याची टोपली डोक्यावर, मागं न वळता मोठ्यानं बोलत, हसत.

मग उजळ मेजरचा उदास मायनर झाला. ओबोच्या नळीतून एकाकी, श्यामल सूर उठला आणि अंगणावर जणू ढगाची सावली सरकली. इथंच मास्तरांचा हात दर वेळी अडखळे. हीही थांबणार, किंवा भिऊन धावणार, असं त्यांना वाटलं. रुफिना थांबली नाही, धावली नाही. दुःख आलं, तिनं त्याला जवळ घेतलं आणि त्याच पावलांनी पुढं नेलं.

हे मी हिला शिकवलं नव्हतं, मास्तरांच्या मनात आलं. त्यांचे डोळे भरले. ते अभिमानानं भरले.

ई-फ्लॅट मेजर परतला. अधिक खोल, अधिक निवळलेला. शेवटचा स्वर विरला.

या ठिकाणी मास्तर नेहमी नतमस्तक उभे राहत, आणि वृंद निमूटपणे वाट पाही. सवयीनं आजही सगळे थांबले. रुफिनाची नजर पहिल्या रांगेकडे वळली.

मास्तरांनी डावा हात उचलला. आणि वेगवान, तेजस्वी तिसऱ्या भागाचा पहिला ठोका त्यांनी स्वतः दिला.

तेवीस गज एकाच क्षणी उसळले. उन्हात लखलखले, वाऱ्यात झेपावले, आणि तारांवर उतरले.