डोहातली खोळ

मी खोळ बोलतेय. गादीची किंवा उशीची नव्हे. उभं माणूस आत मावेल एवढी, जाड्याभरड्या मांजरपाटाची.

मला पुष्पावतीनं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुणतांब्याला शिवलं. मुंबईला चित्रकला शिकून ती गावी आली होती. दुष्काळानं गोदावरीचा डोह तळापर्यंत आटला होता. त्याच डोहात तिचा धाकटा भाऊ गोरक्ष लहानपणी बुडाला. प्रेत सापडलंच नाही. तेव्हापासून आई, रंगुबाई, नदीकडं फिरकली नव्हती. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"आई, मी डोहात एक खेळ करणार आहे. गोरक्षसाठी," पुष्पावती म्हणाली.

रंगुबाई भाकरी थापत राहिली. "त्याला कशाला उठवतीस?" एवढंच बोलली.

दिवस कलताना गाव काठावर जमलं. पुष्पावतीनं मला तळाचा काळा गाळ फासला आणि ती माझ्यात शिरली. तिचा चुलतभाऊ सहादू यानं बाहेरून माझं तोंड दोरीनं बांधलं.

"हे नाटक हाय का नाच?" कुणीतरी विचारलं.

"हलतं चित्र हाय म्हनली. गप बघा," सहादू म्हणाला.

ना ढोलकी, ना बोल. आत ती लोळली, वळली. कधी मासा झाली, कधी धोंडा. लोक आधी हसले. समजेनासं झालं की माणसं अशीच आधी हसतात, मग एकमेकांजवळ सरकतात.

आणि मला आतून आणखी एक हात लागला.

पुष्पावतीचे तळवे माझ्या ओळखीचे होते. ते तापलेले होते. हा हात लहान होता, गार आणि ओला. काठावरच्यांना माझ्यावर तीन पंजे उमटलेले दिसले. 

इतक्या वर्षांनी नदीवर आलेली रंगुबाई गर्दीतून वाट काढत खाली आली. माझ्यापाशी वाकून हळूच म्हणाली, "दोघंबी बाहेर या. लई येळ झाला."

तिनं गाठ सोडली. पुष्पावती धापा टाकत बाहेर आली, एकटीच. रंगुबाईनं माझ्यात खांद्यापर्यंत हात घातला, चाचपत राहिली. तिचा चेहरा हळूहळू निवला. मग तिनं माझं तोंड पुन्हा करकचून बांधलं आणि मला कडेवर घेऊन घरी आणलं.

पुढच्या पावसाळ्यात डोह भरला. मी माजघरात खुंटीला आहे. रंगुबाई मला थोपटते, ताट वाढून पुढं ठेवते. पुष्पावती गाठीला हात लावू लागली की म्हणते, "नको गं. परत जाईल त्यो."

उन्हात टाकलं तरी माझा तळ वाळत नाही. दिवस कलला की गाठीशी आतून बारकी बोटं चाळवतात. त्याला नदीकडं जायचंय. हे आईला सांगावं, तर माझं तोंड तिनंच बांधलेलं.

पुष्पावती, मला तू शिवलंस. आता तूच सोड.