बाबांचा नागरी सत्कार

किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवायची की पाण्याच्या तांब्याशेजारी, हे बाबांनी मला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"मधोमध पुलाव येणारेय, बाबा."

"मग पुलाव बाजूला घे."

बाबा म्हणजे माझे सासरे, चंद्रशेखर वाळिंबे, माजी महापौर. मी त्यांची सून शमिका, आणि दर उन्हाळ्यात तीन महिने मला जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या तीन खोल्यांत एक महानगरपालिका सांभाळावी लागते. चहा वेळेवर, पेपर इस्त्री केल्यासारखा, आणि बोलताना मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ आमच्या सोफ्यावर बसलेला असतो.

महापौर ते होते सात महिने, २००३ साली. ठरलं होतं सव्वा वर्ष. अडीच वर्षांचे दोन तुकडे पाडून पक्षानं दोन इच्छुकांना वाटून दिले होते आणि खुर्चीवर बसवण्याआधी बाबांकडून राजीनामा लिहून घेतला होता, तारखेची जागा कोरी ठेवून. आपल्याकडची रीतच आहे ती. त्यात महापौराला झगा, लाल दिव्याची गाडी आणि फिती कापायची कात्री. बाकी सगळे अधिकार आयुक्तांना. तरी त्या सात महिन्यांवर बाबा चौदा वर्षं जगत होते.

त्यातला कळस म्हणजे ब्राझीलचा दौरा. वीस लाख वस्तीच्या एका शहराची बससेवा बघायला ते दहा दिवस गेले होते. तिथल्या महापौरांनी त्यांचा नागरी सत्कार करून शहराची किल्ली दिली. वीतभर लांब, पितळी, मखमली पेटीत. दर वर्षी ती विमानातून इथे येते आणि दर वर्षी तपासणीत बॅग उघडायला लावते.

त्याच दौऱ्याच्या पाचव्या दिवशी माझ्या सासूबाई गेल्या. यमुना त्यांचं नाव. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. माझा नवरा रुपेश तेव्हा वीस वर्षांचा होता. त्यानं एकट्यानं अग्नी दिला. बाबा पोचले त्यानंतर सहा दिवसांनी. "तिकीटच मिळालं नाही रे," असं त्यांनी सांगितलं आणि रुपेशनं ते मानलं. बापलेकांचं जे काही बरं चाललं होतं, ते एवढ्या एका वाक्यावर. मी बाबांवर करवादले की रुपेश मला म्हणायचा, "परदेशात अडकून पडलेल्या माणसाला काय वाटलं असेल, कल्पना कर." आणि बाबांच्या पायांना मलम चोळायला बसायचा.

यंदा जूनमध्ये रुपेशच्या कंपनीचा झोमरफेस्ट, म्हणजे उन्हाळी मेळावा झाला. बाबांनी खिशातून सत्काराचा फोटो काढून दिसेल त्याला दाखवला. रुपेशच्या टीममधला रेनातो ब्राझीलचा. तो फोटो बघतच राहिला. किल्ली देणारा माणूस त्याचा सख्खा मामा निघाला, आणि हा आर्लिंदोमामा जुलैत त्याच्याकडे राहायला येणार होता. त्या दिवसापासून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. कोट ड्रायक्लीन करून आणला. शनिवारचं जेवण काय असावं याच्या माझ्याबरोबर बैठका घेतल्या.

शनिवारी बरोबर एकला बेल वाजली. आर्लिंदोमामा सत्तरीचे, टकले, ऐसपैस. दारातच त्यांनी बाबांना मिठीत घेतलं आणि पोर्तुगीजमध्ये पाचसहा वाक्यं बोलून टाकली. बाबांचे डोळे भरून आले.

"ओळखलं," ते मला म्हणाले. "बघितलंस? चौदा वर्षांनी ओळखलं."

खरं सांगते, मलाही बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी आमचे महापौर लक्षात होते.

भाषेची मात्र मोठी वरात होती. मामांना पोर्तुगीजच येतं. रेनातो त्याचं जर्मन करणार, आणि रुपेश किंवा मी त्याचं मराठी. घास थंड होईपर्यंत बाबा "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" करत राहायचे.

मामांनी आपली कारकीर्द सांगितली. तिकडे महापौराला लोक थेट निवडून देतात आणि शहर खरंच त्याच्या हातात असतं. ते तीनदा निवडून आले. एकदा राज्याच्या गव्हर्नरपदाला उभे राहून पडले. त्यांच्या काळात दोनशे किलोमीटर बसमार्ग झाले. एक झोपडपट्टी त्यांनी एका रात्रीत उठवली, तेही त्यांनी पुलाव खाताखाता सांगितलं. बाबा माना डोलवत होते, जणू दोघांनी मिळूनच उठवली होती.

मग मामांनी किल्ली उचलली, हातात जोखली आणि हसले. रेनातोही हसला. "म्हणजे, मामा म्हणतात अशा दोनशे करून घेतल्या होत्या. उरलेल्या अजून गोदामात असतील."

हे मी बाबांना सांगितलं नाही. "छान जपलीय म्हणतायत," असं म्हटलं.

मामा पुढे बोलू लागले. या वेळी उभे राहून, हात पसरून, सभेत बोलावं तसं. बाबांना त्यात आपलं नाव ऐकू आलं. त्यांचा चेहरा उजळला.

"माझ्याबद्दल बोलतायत. रुपेश, नीट ऐक हं."

रेनातो जर्मनमध्ये सांगायला लागला आणि मला कळलं की आता हे थांबवायला हवं. पण कसं थांबवायचं? मी "कोशिंबीर घ्या ना" म्हटलं. कुणी घेतली नाही.

रुपेशनं सगळं ऐकून घेतलं. नॅपकिननं तोंड पुसलं.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"सांगतो," रुपेश म्हणाला. "ते म्हणतात, हा माणूस मी जन्मात विसरणार नाही. रात्री याच्या बायकोच्या मृत्यूचा फोन आला. माझ्या सेक्रेटरीनं अर्ध्या तासात त्याच रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलं. मुंबईपर्यंतचं. खाली गाडी उभी केली."

बाबांचा हात ताटात होता, तो तिथेच राहिला.

"पुढे ऐका. ते म्हणतात, या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुभाष्यामार्फत म्हणाला, महापौर आधी शहराचा असतो. उद्याचा सत्कार आटोपू दे. ही गोष्ट मी दोन निवडणुकांत, गव्हर्नरच्यासुद्धा, प्रत्येक सभेत सांगितली. लोक रडायचे." रुपेश थांबला. "झालं. एवढंच म्हणाले."

एकही शब्द त्यानं गाळला नव्हता. मामा कौतुकानं बाबांकडे बघत होते. सहा वर्षांच्या निधीला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते जर्मनच. तिनं विचारलं, मग ओपा, म्हणजे आजोबा, घरी का नाही गेले? रेनातोला प्रश्न कळला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बिचाऱ्यानं श्रीखंड न खाताच निघायची तयारी केली. मामांनी जाताना पुन्हा मिठी मारली.

दार लागल्यावर रुपेश भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागला. बाबा कोट घालूनच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"त्या रात्री पक्षाचाही फोन आला होता," ते म्हणाले. "राजीनाम्यावर तारीख टाकली म्हणून. दोन दिवसांनी सभेपुढे जाणार होता. मला वाटलं, एवढी किल्ली महापौर म्हणून घ्यावी. सत्कारानंतर मग तिथून पाय निघेना. घरी येऊन तरी माझ्याजवळ काय राहिलं होतं?"

"आई होती," रुपेश म्हणाला. "बर्फावर. मी सगळ्यांना सांगत होतो, बाबा येतील, थांबू या. दीड दिवस थांबलो. शेवटी सुरेखाकाकू म्हणाली, आता नको रे, वास येतोय."

रुपेशनं ताटं ओळीनं लावली, गोळी टाकली, बटण दाबलं.

रविवारी सकाळी तो नाश्त्याला लॅपटॉप घेऊनच बसला. बाबांचं परतीचं विमान सप्टेंबरचं होतं. "मंगळवारचं मिळतंय," तो म्हणाला. "खिडकी की कडेची?"

"कुठलीही," बाबा म्हणाले आणि पासपोर्ट आणायला उठले.

मी म्हणू शकले असते की थांब, म्हातारा माणूस आहे, तिकडे रिकाम्या घरात कोण आहे त्यांचं? मी विचारलं, "बॅग किती किलोची चालेल?" मला दोन महिने मोकळे मिळणार होते. हेही सांगून टाकलेलं बरं.

मंगळवारी रुपेशला मीटिंग होती. स्टेशनवर मीच गेले. फ्रांकफुर्टची गाडी बारा मिनिटं उशिरा होती. बाबा कोट घालून बाकावर ताठ बसले होते. घरून निघताना निधीनं "च्युस, ओपा" म्हणून निरोप दिला तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला होता. मला त्यांची कीव येत होती आणि रागही तेवढाच येत होता.

"शमिका," ते एकदम म्हणाले. "आर्लिंदोसाहेब प्रत्येक सभेत सांगायचे म्हणाले ना?"

"हो, बाबा."

"दोन निवडणुकांत?"

"दोन. त्यातली एक गव्हर्नरची."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मग कोटाची कॉलर सारखी केली.

"म्हणजे अख्ख्या राज्याला माहीत असणार," ते म्हणाले.

गाडी आली. बॅग मीच चढवली.